बेदाण्याएवढा खडक

सकाळी सहा चाळीस. स्टेनव्हर खांबाला टेप अडकवून हिमनदीच्या टोकाकडे चालत होती. चौतीस वर्षं, दर सप्टेंबरात, ती हे अंतर मोजून आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकच्या कचेरीला कळवते. मोबदला नाही. पोट भरतं ते सत्तर मेंढ्यांवर.

या वर्षी कचेरीने नकाशाच्या कामासाठी राग्ना नावाच्या मुलीला पाठवलं होतं. बर्फ खचून मधोमध एक काळा खडक उघडा पडला होता आणि त्याला नाव हवं होतं. शेजारच्या दोन्ही शेतांवरून एकच नाव आलं तर ते लिहायचं, नाहीतर नुसता आकडा.

स्टेनव्हरला आकडा नको होता. आठ वर्षांपूर्वी खडक पहिल्यांदा तिलाच दिसला, स्किरच्या घट्ट दह्यावर बेदाणा पडावा तसा. तेव्हापासून तिच्या वहीत तो रूसीनुस्केर, म्हणजे बेदाणा-खडक. शेजारच्या केटिलचं म्हणणं, नकाशावर खाऊ शोभत नाही. त्याने केटिलस्केर सुचवलं, आजोबांच्या नावावरून. आजोबाही केटिलच होते.

"तुझे आजोबा बर्फावर कधी गेले होते?" स्टेनव्हरने विचारलं.

"गेले नसतील. पण लांबून त्यांना आवडायचा."

तेवढ्यात राग्नाला खडकावर एक मेंढी दिसली. केटिलने लगेच जाहीर केलं की ज्याची मेंढी आधी चढली, त्याचं नाव. पूर्वापार असंच आहे. असं काही नाही हे तिघांनाही ठाऊक होतं. स्टेनव्हरने दुर्बिणीतून मेंढीच्या कानांवरची मालकाची खूण पाहिली, मुकाट्याने होकार दिला आणि दुर्बीण त्याच्या हातात ठेवली.

"उजवा चिरलेला, डाव्याला खाच," केटिल म्हणाला. "माझीच."

"मग जा, घेऊन ये. परवा हिमवादळ आहे."

मध्ये आठशे मीटर भेगाळलेला बर्फ होता. केटिलने पुन्हा दुर्बीण लावली.

"इथून कान नीट दिसत नाही गं."

"आत्ता तर दिसला."

त्याने गुडघ्याचं दुखणं काढलं, मग बुटांचं. शेवटी म्हणाला, "तू आण. मग बेदाणा लिही नाहीतर मनुका."

स्टेनव्हर बुटांना बर्फावरचे काटेरी तळ बांधून, दोर घेऊन निघाली. बारा दहाला परतली. मेंढी पुढे होती, स्टेनव्हर दोराला लटकून मागे.

केटिलने राग्नाच्या कागदावर रूसीनुस्केरखाली सही केली. फक्त अक्षर बारीक असू दे, म्हणाला. राग्नाने सांगितलं, सगळ्या खडकांचं एकाच मापाचं असतं.

उद्या गुरुवार. पश्चिमेकडच्या दुसऱ्या खांबाचं मोजमाप, सात वाजता.