मन्मथअप्पाचे भाडेकरू

त्या दिवशी सकाळी फोन वाजला नाही, तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं. माझा मेहुणा मन्मथअप्पा रोज चहाच्या वेळेला लातूरहून उदगीरला फोन करायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. पहिलाच प्रश्न त्याच्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, "अक्का, झाली का?" आणि अक्का भरल्या घरात, पाहुण्यांच्या देखत, खणखणीत आवाजात सांगायची, "झाली. भरपूर झाली." नव्या पाहुण्याचा घोट घशातच अडकायचा. विषय लघवीचा असायचा... त्या दिवशी उशिरा फोन आला तो अप्पाच्या शेजाऱ्याचा. झोपेतच हृदय थांबलं होतं.

आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून मूठमाती देतात. कपाळभर विभूती लावलेला अप्पा मांडी घालून शांत बसला होता आणि मला, शप्पथ सांगतो, रडता रडता हसू येत होतं. हा माणूस जन्मात एका जागी इतका वेळ बसला नव्हता.

घरची धान्याची आडत होती. वडिलांनी गादीवर बसवलं तर हा तुरीच्या ढिगातले किडे काडीपेटीत भरून न्यायचा. पुढे लातूरला मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागला आणि पॉलिओमा नावाच्या विषाणूंच्या नादी लागला. याचा पोलिओशी काही संबंध नाही, हे त्यानं आमच्या भावकीतल्या झाडून सगळ्या लग्नांत सांगितलं असेल. पंगतीत वरणाची बादली हातात धरून हा उभा. "दाजी, हे लहानपणीच बहुतेकांच्या अंगात शिरतात. किडनीत बिऱ्हाड करतात अन् जन्मभर गप पडून राहतात. आपल्याला पत्ताच नसतो. पण घरमालकाची ताकद कमी झाली, की घर पोखरायला लागतात." समोरचा म्हातारा म्हणायचा, "हाव, पण वरण वाढा की आधी."

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीत टँकर आला की एका राशनकार्डाला एक कॅन, असा कायदा होता. त्याच दिवसांत उदगीर जिल्हा व्हावा म्हणून चौकात साखळी उपोषण चाललं होतं आणि भोंगा माझ्या ताब्यात होता. माणसाला याहून मोठं पद काय हवं? अप्पा आला आणि म्हणाला, "मला निरोगी माणसांच्या लघवीचे नमुने पाहिजेत. कुणाच्या लघवीतून हे विषाणू बाहेर पडतात ते बघायचंय. तुमचा भोंगा द्या." भोंगा मी कुणाला देत नसतो. मीच गरजलो, "जिल्हा होणार! जिल्ह्याला मोठा दवाखाना होणार! त्याआधी गल्लीची लघवी तपासून घ्या हो!" अप्पानं कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पाच्या टेबलापुढं ही रांग. प्रत्येकाच्या एका हातात राशनकार्ड, दुसऱ्या हातात कॅन. सगळ्यात पुढं आमचे शेजारी काशिनाथमामा.

"मामा, हे कुणाचं?" अप्पानं विचारलं.

"घराचं."

"घराचं म्हंजे?"

"कार्डावर हायेत तेवढ्यांचं. जावई आलेत, त्यांचं घेतलं न्हाई. बेइमानी नको."

"अहो, मला माणशी वेगळं पाहिजे!"

"प्यायला पाणी देता कार्डावर, अन् हे मागता माणशी? लई झालं डॉक्टर."

साऱ्या गल्लीनं टँकरचाच कायदा लावला होता. सासू, सून, नातवंडं, सगळी एकाच कॅनमध्ये! अप्पाच्या संशोधनाचं त्या सकाळी वरण झालं. तो कॅन नाल्यात ओतायला निघाला, तर मामा खवळले. "दुष्काळात ओलं फेकून राहिलास? दे इकडं, लिंबाला घालतो." ते झाड जगलं. जिल्हा मात्र अजून व्हायचाय.

पुढं काही वर्षांनी अक्काच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि आमच्या घरातला भोंगा बंद पडला. जुळली ती अप्पाचीच किडनी. त्यानं ती पेढा द्यावा तशी देऊन टाकली. काही महिने बरे गेले, मग अक्काच्या रक्तातलं क्रिएटिनिन चढायला लागलं, म्हणजे नवी किडनी नीट काम करेना. संभाजीनगरचे डॉक्टर मोठे भले. त्यांनी सरळ सांगितलं, "दोन शक्यता आहेत. एक तर शरीर ही किडनी नाकारतंय, मग प्रतिकारशक्ती दाबायची औषधं वाढवावी लागतील. नाहीतर त्या औषधांमुळेच झोपलेला विषाणू उठलाय, मग तीच औषधं कमी करावी लागतील. चुकलो तर किडनी जाईल."

अप्पाला मी असा कधी पाहिला नव्हता. लातूरहून आलेला तो माणूस चप्पल काढायची विसरून दवाखान्यात अक्काच्या कॉटजवळ उभा राहिला. "तपासा," तो म्हणाला. "रक्तात बघा, किडनीचा तुकडा बघा. मी जन्मभर ज्यांच्या मागं लागलो, तेच असतील. माझ्याच किडनीतून आले असतील..."

अक्कानं डोळे उघडले. "अप्पा, मी किडनी मागितली होती रे. तू भाडेकरूंसकट वाडा दिलास?"

अप्पानं नाक पुसलं. "अक्का, माहेराहून रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?"

सगळा वॉर्ड हसला. अक्का टाक्यांच्या खुणेवर हात दाबून हसली.

रिपोर्ट आला तेव्हा विषाणूच निघाला. डॉक्टरांनी औषधं हळूहळू, बेतानं कमी केली. कितीतरी आठवडे आम्ही जीव मुठीत धरून होतो. मग क्रिएटिनिन उतरलं आणि तिथंच थांबलं. तेव्हापासून तो सकाळचा फोन सुरू झाला. अक्का कंटाळून म्हणायची, "अरे, रोज काय विचारतोस?" तो म्हणायचा, "माझ्या किडनीची ख्यालीखुशाली विचारून राहिलो. तुझ्याशी मला काय करायचंय?"

मातीहून परतल्यावर बायका अक्काच्या गळ्यात पडून रडल्या. म्हणाल्या, "गेला गं तुझा भाऊ!" अक्का ओटीपोटाच्या उजव्या बाजूवर हात ठेवून म्हणाली, "सगळा न्हाई गेला."

आता चहाच्या वेळेला फोन वाजत नाही. अक्का न्हाणीघरातून येते, तांब्याभर पाणी पिते, फोनपाशी क्षणभर थांबते... मग पोटाच्या उजव्या बाजूवर दोनदा थोपटून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "झाली रे अप्पा. भरपूर झाली."

परवा नवे पाहुणे बसले होते. त्यांचा घोट अडकला.