उजवा प्रसाद मी घेतला नाही

त्या दिवशी देवळात कोण कोण होतं ते आधी सांगते. पंच दत्ताराम. गुरव सोनू. बालवाडीची शैलाबाई. माझी सासू. बाकी सभामंडपात बसलेला गाव. आणि खाली पायरीवर मी, डोक्यावर पदर घेऊन.

गोवा राज्य झालं त्या सुमाराची गोष्ट. डिचोलीच्या बाजूचा आमचा गाव. सरकारनं बालवाडी काढली. पोरांना खिचडी शिजवायला बाई पाहिजे होती. मी खाणीवर माती उपसायचे, पाठ कामातून गेलेली. मी नाव दिलं. शैलाबाई हो म्हणाली.

पण माझा घोव वास्कोला बंदरावर गेला तो तिकडेच दुसऱ्या बाईबरोबर राहिला. मी टाकलेली बाई. पंच म्हणाले, "भुरगीं हिच्या हातचें जेवतलीं. देवाक विचारुया."

गुरवानं कौलाला प्रसाद लावला, म्हणजे देवाच्या अंगावर दोन पाकळ्या पाण्यानं चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही. मग मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं, "देवा महाराजा, हिचें चालणें शुद्ध आसा जाल्यार उजवी दी."

साऱ्या गावासमोर. माझं चालणं. पळाला तो घोव, त्याचं कोणी विचारलं नाही. भर सभेत कोणी लुगडं ओढतंय असं वाटलं.

उजवी पडली.

"पावलो गो देव!" सासू रडायलाच लागली. बिचारी माझ्याच बाजूची. पंच हसले. "बरें जालें. फाल्यां सकाळीं कामाक यो."

मला काही बरं वाटलं नाही. मी विचारलं, "आनी डावी पडली आसती जाल्यार?"

"पडूंक ना मगे!" गुरव म्हणाला.

"पंचानु, तुमी निवडून आयले तेन्ना तुमचें चालणें विचारिल्लें देवाक?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. पंच उठलेच. "तोंड सांबाळ! देवान दिल्लें काम नाका म्हणटा?"

"देवाकडेन हांवें काम मागूंक ना. सरकाराकडेन मागलां."

सासूनं पदर ओढला. "गप घे गो. पोटाक कितें घालतली?"

ती खरं बोलत होती. तरी मी निघाले.

काम दुसरीला गेलं. डिचोलीच्या हापिसात गेले तर साहेब म्हणाला, गावचं गावात बघा. परत माती उपसली. सासू कितीतरी दिवस धड बोलली नाही.

देवाला मी आजही हात जोडते. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण माझ्या नावानं कौल लावायचा नाही, हे गावाला बजावून ठेवलंय. मेल्यावरसुद्धा नाही.

वाचणाऱ्या, तू हापिसात असशील, पंच असशील, तर एवढंच कर. दारात बाई आली तर तिला काम दे, नाहीतर नाही म्हण. पण तुझ्या तोंडानं म्हण.