वीतभर आखडलेला दोर

मामा गेल्याचा मामीचा फोन आला तेव्हा मी नालासोपाऱ्याच्या घरात कपाट आवरत होते, आणि त्यांनीच दिलेली कोरी वही हातात होती. दीड महिना झाला, एका जागी बसवत नाही. उठते, पाणी पिते, पुन्हा वही उघडते...

वसईच्या खाडीकाठची भातशेती भावाकडे सोपवून मामा मुंबईच्या मोठ्या फुटबॉल स्टेडियममध्ये मैदान राखायला लागले, ते निवृत्तीपर्यंत. तिथला इतिहास त्यांना तोंडपाठ. आधी बांबूंवर बांधलेल्या फळ्या, मग सिमेंटच्या पायऱ्या, मग दिव्यांचे खांब, शेवटी गवत जाऊन प्लास्टिकचा गालिचा. "गालिच्याला पानी कोन घालनार?" म्हणाले आणि पुन्हा तिथे पाऊल ठेवलं नाही. मला मात्र वही दिली. "बाय, स्टेडियमचा इतिहास लिव. पन माझी चूक लपवू नको."

चूक अशी. एका अंतिम सामन्याआधी मैदान मोजायची दोरी तुटली, म्हणून मामांनी घरच्या विहिरीचा नवा सुती दोर मापून, गाठ मारून नेला. सकाळी गवतावर दव. सुती दोर भिजला की आखडतो, हे खाडीकाठच्या माणसाला सांगावं लागतं का? पण घाईत विसरले, आणि पेनल्टीच्या ठिपक्याची पांढरी फक्की गोलच्या वीतभर जवळ पडली. तिथूनच गोल झाला, सामना गेला. गोलकीपर आमच्या नालासोपाऱ्याचा. विकला गेला, असं लोक बोलले आणि त्याने खेळणंच सोडलं. संध्याकाळी वाळलेला दोर पुन्हा लावून पाहिला तेव्हा मामांना कळलं. नोकरी जाईल म्हणून गप्प बसले. "वीतभर लांब असता तर त्याने अडवला असता का, देव जाने. पन त्याला कळाया पायजे."

आणि मी? "सवड मिळाली की लिहिते, मामा." चार वर्षं हेच! मेली ती सवड. स्वतःचाच राग येतो.

परवा शेवटी मामांनी जपून ठेवलेला तो दोर मामीकडून घेतला आणि त्या गोलकीपरच्या दारात उभी राहिले. सत्तरीचे काका. सगळं सांगितलं. त्यांनी दोर आधी कोरडा हाताने मापला, मग बादलीत भिजवला, लादीवर ताणून पुन्हा मापला. बराच वेळ गाठ चाचपत राहिले.

"तुझे मामा दर दिवाळीला केळ्यांचा घड घेऊन यायचे. चहा प्यायचे, जायचे. मला वाटायचं... हा एकच माणूस मला विकलेला समजत नाही."

दोर परत मागायचं धाडस झालं नाही. निघताना वळून पाहिलं, तर काका तो गॅलरीत वाळत घालत होते.