पुढचा तास तुमचाच का?

मंडळी, आत्ताच नाशिकहून चांदवडला परतले आणि घरी न जाता आधी सायबर कॅफेत येऊन बसलेय.

शाळेत शेती शिकवायची, हे माझं जुनं वेड. मुलांना मराठीतच शिकवायचंय म्हणून मी मराठीतली दोन वर्षांची कृषी पदविका केली. पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा, असं सगळं वहीत मांडून ठेवलं होतं. आज कृषी कॉलेजातल्या क्लार्कबाईंनी ती वही बघितली.

"ताई, थेट प्रवेशाला तीन वर्षांची पदविका लागते. तुम्हाला आता अकरावी सायन्सपासूनच सुरुवात करावी लागेल. आधी विचारायचं ना!"

बाहेर आले तर मुली द्राक्षाची कलमं बांधत होत्या. एकीची पट्टी सैल पडलेली. मला राहवलं नाही.

"खालून वर गुंडाळ गं, म्हणजे आत पाणी शिरत नाही," म्हणत मी बांधून दाखवलं. बाकीच्याही जवळ आल्या.

"मॅडम, पुढचा तास तुमचाच का?"

"नाही गं," म्हणाले आणि वही उचलून थेट एसटी स्टँड गाठला.

मला सव्विसावं चालू आहे. अकरावीच्या बाकावर मी मावेन का हो?