जाळीतला चेंडू

माझी मुलगी हायडेलबर्गजवळच्या एका छोट्या कॉलेजात लॅक्रॉस खेळते. काठीच्या टोकाला जाळी असते, तिच्यात चेंडू झेलायचा. मुलांच्या आणि मुलींच्या, दोन्ही टीमच्या जाळ्या कॉलेजचा म्हातारा हाउसमाइस्टरच, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, बांधतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मुलांची जाळी खोल चालते. मुलींच्या जाळीत मात्र नियमानं चेंडूची कड चौकटीच्या वर दिसायलाच हवी. म्हणून तो प्रत्येक काठी डोळ्यांसमोर आडवी धरतो आणि मापातलं दूध बघावं तसं एक डोळा मिटून बघतो. पसंत पडलं की "गेनाऊ!", अगदी बरोबर. नाही पडलं, तर मुकाट्यानं सगळ्या दोऱ्या पुन्हा सोडायला घेतो. कुणी घाई केलीच तर म्हणतो, "चेंडूला घाई नाहीये."

शेवटच्या सामन्यात पाऊस होता. मुलीनं बरोबरीचा गोल केला. आमचा आरडाओरडा चालू असतानाच हा म्हातारा छत्री मिटून पंचांकडे गेला.

"तिची जाळी तपासा. दोऱ्या भिजून सैल पडल्यात. मीच बांधलीये."

गोल रद्द झाला. आम्ही हरलो.

गाडीत मी घरापर्यंत त्याच्या नावानं खडे फोडले. मुलगी जर्मनमध्ये एवढंच म्हणाली, "आई, त्याचं बरोबर होतं." दुसऱ्या दिवशी काठी घेऊन ती त्याच्याकडेच गेली.

मी मात्र त्याला टाळते. त्या सामन्याच्या मध्यंतरात ती काठी माझ्याच हातात होती, आणि जाळीत बुडालेला चेंडू मलाही दिसला होता.