ऑर्विलने न वाचलेला नंबर

जुना पिकअप घेतला, की आमच्या कॅन्ससच्या भागातले लोक आधी माझ्या थोरल्या भावाकडे, ऑर्विलकडे यायचे. भंगार गाड्यांचं त्याचं आवार होतं; मी काउंटरवर पार्ट विकायचे. आत इंजिन कुठलं, हे ऑर्विल सांगेल तेच खरं. "समोरच्या काचेखालच्या गाडी-नंबरच्या पट्टीवर कारखान्यानं काय बसवलं तेवढंच असतं," तो प्रत्येकाला सुनवायचा. "पुढच्या मालकानं काय घातलं ते पट्टीला काय माहीत? इंजिनच्या ब्लॉकच्या मागे वाका, ब्रश मारा, तिथला ओतीव नंबर वाचा." तीनशे पाच आणि तीनशे पन्नास घन इंचांची इंजिनं वरून अगदी जुळी दिसतात. भलेभले चुकीचे पार्ट नेऊन तोंड पाडून परत आलेत.

त्याचा मुलगा क्ले तेव्हा बावीस वर्षांचा होता. वडिलांच्या हाताखाली इंजिनं बांधायची, एवढंच त्याला हवं होतं. ऑर्विल म्हणायचा, "तू आरंभशूर. एक काम तडीस ने, मग बघू."

त्या वर्षी मार्चमध्ये क्ले त्याचा चौऱ्याऐंशी सालचा पिकअप घेऊन आला. हिवाळाभर मित्राच्या कोठारात खपला होता.

"डॅड, तीनशे पन्नास. मी एकट्यानं बांधून बसवलं."

आवारात गिऱ्हाइकं होती. ऑर्विलनं काचेतून पट्टी पाहिली. नंबरातलं आठवं अक्षर एच, म्हणजे तीनशे पाच.

"बापाला थापा मारतोस?"

"मागे वाकून नंबर तरी बघा!"

"मला शिकवू नकोस."

लोक हसले. मीही हसले, देव मला क्षमा करो.

दुसऱ्या दिवशी क्लेनं गाडी विकली आणि नॉर्थ डकोटाच्या तेलविहिरींवर गेला. चौदा महिन्यांनी तिथे त्याच्या अंगावर पाइप कोसळला. घरी शवपेटीच आली.

गेल्या ऑक्टोबरमध्ये डेल्बर्ट नावाचा गव्हाचा शेतकरी तीच गाडी घेऊन आला. त्याला गॅस्केट हवं होतं. ऑर्विलनं गाडी ओळखली. आरसा आणि टॉर्च घेऊन वाकला, ब्रश मारला. बराच वेळ उठलाच नाही.

"नंबर शून्य-एक-शून्यवर संपतोय," शेवटी तो म्हणाला. "तीनशे पन्नास."

"पण पट्टीवर तर एच आहे!" डेल्बर्ट म्हणाला.

"बदललंय. माझ्या मुलानं. कसं चालतं?"

"नऊ वर्षांत पहिल्यांदाच उघडतोय."

डेल्बर्ट गेल्यावर ऑर्विल माझ्यासमोर येऊन बसला. हात ग्रीसनं काळे, तसेच तोंडावर धरून रडायला लागला. आमचे आईवडील गेले तेव्हाही मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं.

"मर्ला, त्या दिवशी वाकलो असतो तर दोन मिनिटं लागली असती."

"तो तसाही गेलाच असता रे," मी म्हटलं.

मी खोटं बोलले. निघायच्या आदल्या संध्याकाळी क्ले माझ्या स्वयंपाकघरात बसून होता, डॅडचा फोन येईल म्हणून. मी वाढलेलं जेवण त्यानं तसंच ठेवलं होतं. हे ऑर्विलला मी अजून सांगितलेलं नाही.