दुसऱ्या सीटवर कटर टेकला तेव्हा

मित्रमैत्रिणींनो, चार तासांपूर्वी घडलेले सांगते.

मी गडचिरोलीच्या एका गॅरेजमध्ये इंजिनकाम शिकते. आज एटापल्लीकडच्या एका गावातली एकुलती एक जीप आली. तिच्या इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या सीट, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यांवर घट्ट बसतो त्या लोखंडी रिंगा, झिजल्या होत्या. आमच्या मिस्त्रीचाचांनी त्यांची कड नव्याने कापायला सवयीने पंचेचाळीस अंशांचा कटर उचलला. सीटचा उतार व्हॉल्व्हच्या उताराशी जुळावा लागतो, आणि व्हॉल्व्हचा उतार मला तीस अंशांचा वाटत होता. पण त्यांना सांगावे कसे, या संकोचात मी असतानाच पहिली सीट कापून झाली.

दुसऱ्या सीटवर कटर टेकला, तेव्हा मी म्हणाले, "चाचा, थांबा!"

"काऊन? तुह्या किताबात लिवलं हाय का?"

मी कटरची धार व्हॉल्व्हला लावून दाखवली. मधल्या फटीतून उजेड दिसला.

चाचांनी कटर खाली ठेवला. "पहिलीच्या वक्ताले काऊन नाई बोलली, बेटी? कापलेलं लोखंड वापस नाई येत."

बिघडलेल्या सीटची नवी रिंग उद्या येईल. जीपवाले भाऊ गावी फोनवर सांगत होते, "आज गाडी येत नाई. दवाखान्यात जाच्या लोकायले सांगजो, उद्यापरेंत थांबा."

मी पहिल्या सीटला न उच्चारलेला 'थांबा' हा एक शब्द त्यांना साऱ्या गावाला सांगावा लागला.

तुम्ही पहिल्याच सीटला बोलला असता का?